माझी चौकशी चालू आहे

१९ ऑगस्ट

ग्रीन कार्डाची मुदत तीन डिसेंबरला संपते. आज मारिविकने नव्या कार्डाचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरून दिला. मुलगी दातांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे प्रश्न विचारून झाल्यावर समोरच्याचं उत्तर ऐकायची तिला सवय नाही. उंची किती, म्हणाली. पाच फूट सात म्हटलं. तिने मला खालून वर बघितलं आणि पाच-चार लिहिलं. म्हणे, तीन इंचांसाठी सरकारशी खोटं बोलायचं नाही, पप्पा. मी म्हटलं, सकाळी उठल्या उठल्या मोजलं तर सात भरतात.

फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ: अर्जदाराच्या पार्श्वभूमीची तपासणी होईल.

मारिविकने ती वाचली न वाचली आणि बटण दाबलं. चार वर्षांची असताना इथे आलेली पोर. तिला काय कळणार? इलोकोसमध्ये, मनिलाच्या उत्तरेला आमच्या गावाकडे, साधी नोकरी धरायची तरी वस्तीच्या कॅप्टनकडून, म्हणजे निवडून आलेल्या प्रमुखाकडून, चारित्र्याचा दाखला लागतो. सही करण्याआधी कॅप्टन आजूबाजूला विचारतो, कसा काय आहे हो माणूस? शेजारी म्हणतील तसा माणूस. सरकार कुठलंही असो, शेवटी विचारणार कोणाला?

मारिविक म्हणते, बोटांचे ठसे घेतात, कॉम्प्युटरमधल्या यादीशी जुळवतात, संपलं. पण त्या कॉम्प्युटरला कोणी सांगितलं? माणसानेच ना? आणि तो माणूस कुठे राहतो? शेजारी.

बायकोचं, फेलीचं, आपलं वेगळंच. म्हणाली, मी चौदा वर्षांपूर्वी नागरिक झाले, मला आता कोणी काही विचारत नाही. तुलाही तो फॉर्म तीनदा आणून दिला होता, पुलोंग (क्रिस्पुलोचं तिने केलेलं पुलोंग). दिला होता. घाईघाईत देश बदलत नाहीत.

२० ऑगस्ट, पहाटे ४.१०, ड्यूटीला निघण्याआधी

झोप नीट लागली नाही. एक गोष्ट लक्षात आली. दहा वर्षांपूर्वी कार्ड बदललं तेव्हाही ती ओळ असणार! तेव्हा चष्मा नव्हता म्हणून वाचली नाही. म्हणजे कोणीतरी गल्लीत येऊन माझ्याबद्दल विचारून गेलं आणि मला पत्ताच नाही. आम्ब्रोसियो त्याच सुमारास थंड वागायला लागला. धागे जुळतात.

परिस्थितीचा आढावा. उजवीकडे आम्ब्रोसियो पागादुआन, आमच्याच भागातला. अमेरिकन आरमारात वीस वर्षं आचारी होता, सांगतो मात्र असं की जहाज त्यानेच चालवलं. डावीकडे मिसेस व्हिटलॉक, निवृत्त शिक्षिका, वय ब्याऐंशी. नमस्कार केला तरी त्यातली चूक काढतात. समोर एउसेबियो आर्रियागा, मेक्सिकन, घराच्या गॅरेजातच गाड्या दुरुस्त करतो. तिघंही एकमेकांशी बोलत नाहीत. सगळ्या वलेयो शहरात एवढी शांत गल्ली नसेल.

का बोलत नाहीत, हे मला माहीत आहे. जरा जास्तच माहीत आहे.

निर्धार: तिघांशी गोड राहायचं. चौकशी पार पडली की त्याच दिवशी तिकीट. आठ डिसेंबरला आईला नव्वद पूर्ण होतात. थोरला मी. भाजलेल्या डुकराला पहिली सुरी मी लावायची, आईबरोबर पहिला नाच माझा. सात वर्षं जाणं झालं नाही. निघताना म्हणालो होतो, पुढच्या ख्रिसमसला येतो. दर वर्षी काहीतरी आडवं येतं. यंदा येऊ द्यायचं नाही.

२ सप्टेंबर

सरकारचं पत्र आलं. मारिविकने दोनदा वाचून दाखवलं: अर्ज मिळाला, जुन्या कार्डाबरोबर हे पत्र ठेवा, कार्डाची मुदत छत्तीस महिने वाढली समजा. म्हणजे उद्या सुद्धा जाता येईल, म्हणाली. तिकिटं स्वस्त आहेत, काढू?

मी हसलो. चौकशी चालू असताना आरोपी गाव सोडतो का? आणि नेमका मी तिकडे असताना साहेब दारात उभा राहिला तर? घराला कुलूप बघून काय लिहील तो?

फेली म्हणाली, आरोपी? तुला आरोपी केलं कोणी?

बायकांना कायद्याचं गांभीर्य नसतं.

१६ सप्टेंबर

ठसे देऊन आलो. निळा शर्ट, टाय. रांगेत टायवाला मी एकटाच. लोक वाट सोडत होते, बहुतेक अधिकारी समजून.

मशीनला माझे ठसे सापडेनात. अठरा वर्षं इस्पितळाच्या लाँड्रीत आहे, वस्त्रविभागाचा प्रमुख (हाताखाली तीन माणसं, त्यातली दोन ऐकतात). गरम चादरी उचलून उचलून बोटांच्या रेषा चादरींबरोबरच गेल्या. ठसे घेणारी आमच्यातलीच होती, मनिलाची. तिने बोटं ओल्या फडक्याने पुसली, पुन्हा दाबली, मान हलवली. म्हणाली, काका, तुमच्या बोटांवर काही उरलेलंच नाही हो. चौथ्या वेळी कसेबसे उमटले.

इतका स्वच्छ माणूस की सरकारी मशीनला शोधून काही मिळेना. नोंद करून ठेवतो.

२१ सप्टेंबर, रविवार

चुलतभाऊ तिबुर्सियोला फोन केला. तो आता आमच्या वस्तीचा कॅप्टन आहे. म्हटलं, एक चारित्र्याचा दाखला पाठव, फाइलला लावून ठेवतो, कमी पडायला नको. तिबुर्सियो म्हणाला, दादा, नियम आहे, माणूस समोर उभा पाहिजे. मी म्हटलं, अरे तू मला जन्मापासून ओळखतोस! तो म्हणाला, जन्मापासून एक्केचाळीस वर्षांपर्यंत ओळखतो, तेवढ्याचा देतो लिहून. त्यानंतरच्या माणसाला मी दोनदाच भेटलोय, आणि दोन्ही वेळेला तो घाईत होता.

सत्ता डोक्यात गेली की असं होतं. लहानपणी शेंबूड मी पुसलाय त्याचा.

शेवटी म्हणाला, काकूच्या नव्वदाव्याला येतोयस ना, तेव्हा समोरच बसून सही घे. म्हटलं, येतो म्हणजे काय, येणारच! फक्त इथली चौकशी संपू दे.

२८ सप्टेंबर

गोडव्याची मोहीम, पहिला आठवडा. मिसेस व्हिटलॉक यांचे कचऱ्याचे डबे न सांगता रस्त्यावर नेऊन ठेवले. त्या खिडकीतून ओरडल्या, माझे डबे कुठे नेताय? एउसेबियोला रस्त्यातून हात केला. तो मागे वळून बघायला लागला, कोणाला केला म्हणून. आम्ब्रोसियोला विचारलं, तब्येत कशी आहे. तो म्हणाला, का, काय ऐकलंस?

माणसांचा चांगुलपणावरचा विश्वासच उडालाय.

५ ऑक्टोबर

नवा विचार. अंघोळीत सुचला. उद्या साहेब आम्ब्रोसियोला विचारेल, क्रिस कसा आहे? समजा त्याच्या तोडलेल्या शेवग्याचं खरं काय ते त्याला तोवर दुसऱ्याच कोणाकडून कळलेलं असलं, तर? त्यापेक्षा आपणच आधी सांगून टाकावं. आपल्या तोंडाने सांगितलेला गुन्हा गुन्हा राहत नाही, प्रामाणिकपणा होतो.

दुपारी गेलो. सांगितलं. सहा वर्षांपूर्वी त्याचा शेवगा मी तोडला. तोडायचा नव्हता, एकच फांदी छाटायची होती, तिचा पाला माझ्या गाडीवर पडायचा. फांदी छाटल्यावर झाड एका बाजूला कललेलं दिसायला लागलं. तोल सांभाळायला दुसरी छाटली. मग तिसरी. शेवटी गुडघ्याएवढं खोड उरलं, ते मात्र अगदी समतोल. आम्ब्रोसियो तेव्हा बहिणीकडे गेला होता. त्याच दिवशी एउसेबियोचा ट्रक तिथे मागेपुढे होत होता, त्यामुळे आम्ब्रोसियोने जे समजायचं ते समजून घेतलं. मी फक्त ते खोडून काढलं नाही.

हेही सांगितलं की शेवगा छाटला की दुप्पट जोमाने फुटतो, आता केवढा झालाय बघ. म्हणजे उपकारच म्हणायचे.

आम्ब्रोसियो खाली बसला. मग म्हणाला, सहा वर्षं, क्रिस. सहा वर्षं मी त्या माणसाला गुड मॉर्निंग म्हटलं नाही. त्याची बायको गेली तेव्हा दारात सुद्धा गेलो नाही.

उठला, फ्रिजमधून बिअरच्या सहा बाटल्या काढल्या आणि रस्ता ओलांडून एउसेबियोकडे गेला. मला घ्यायची का विचारलं नाही. भावनेच्या भरात राहून गेलं असणार.

एक साक्षीदार पक्का.

१२ ऑक्टोबर

एउसेबियोकडे लुंपियाचं ताट घेऊन गेलो. फेलीने पन्नास रोल तळले होते. मला वाटेत बारा कमी करायला लागले, माणूस घाबरला की भूक लागते.

सांगितलं की चार वर्षांपूर्वी त्याच्या मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला पोलिसांना फोन केला होता तो मी. त्याचा समज होता की मिसेस व्हिटलॉक यांनी केला. म्हणून त्याने त्यांच्या गाडीला पुन्हा हात लावला नाही. म्हातारी दर वेळेला गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गाडी ओढून न्यायची.

मी म्हटलं, आवाज जरा जास्त होता. एउसेबियो म्हणाला, संध्याकाळचे साडेसात वाजले होते. मी म्हटलं, मला पहाटे उठावं लागतं. तो म्हणाला, पोलीस आत आले तेव्हा मी पोरीबरोबर नाचत होतो. बापाबरोबर पहिला नाच असतो आमच्यात. अर्धाच झाला.

लुंपिया गरम आहेत तोवर खा म्हटलं.

त्याने ताट घेतलं. दार लावलं. ताट घेतलं हे महत्त्वाचं.

१५ ऑक्टोबर

पोट बिघडलं. दोन दिवस रजा. ही तिकिटं बघायची वेळ नव्हे.

मिसेस व्हिटलॉक यांच्याशी तोंडी बोलायचा धीर होईना, म्हणून पत्र लिहून दारातून आत सरकवलं. दोन पानं. त्यांच्या कुंपणाची मेंदी फार वाढलीय अशी निनावी तक्रार तीन वर्षांपूर्वी नगरपालिकेकडे मी केली होती. त्यांना तोडायला लागली. नवऱ्याने लावलेली होती म्हणे, हे मला नंतर कळलं. त्यांचा संशय आम्ब्रोसियोवर होता, कारण तक्रार तीन प्रतींत होती आणि असलं आरमारातलाच माणूस करतो, असं त्यांचं मत. मी तीन प्रती काढल्या होत्या कारण लाँड्रीतलं झेरॉक्सचं मशीन फुकट होतं.

१७ ऑक्टोबर

पत्र परत आलं. लाल पेनाने तपासलेलं. अकरा चुका. समासात लिहिलंय, क्षमा मागताना "पण" हा शब्द सात वेळा आला आहे. खाली शेरा: आशय असमाधानकारक.

तरी पूर्ण वाचलं तर! ब्याऐंशीव्या वर्षी एवढं बारीक कोण वाचतं?

२६ ऑक्टोबर, रविवार

एउसेबियोच्या अंगणातून धूर. कोळशावर मांस. गाणी. वरच्या खिडकीत उभा राहून बघितलं (पडदा नीट करायचाच होता). आम्ब्रोसियोने मोठ्या पातेल्यात कोंबडीचा रस्सा आणलाय, शेवग्याचा पाला घालून, वास इथवर येतो. मिसेस व्हिटलॉक खुर्चीत बसून आम्ब्रोसियोचं इंग्रजी दुरुस्त करतायत आणि तो हसतोय. त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडं, एउसेबियो आत डोकं घालून. आम्ब्रोसियोच्या मुलीला, लुर्देसला, हवाई तळावरच्या नोकरीचं पत्र आलंय, तेही निमित्त.

एकोणीस ऑगस्टपूर्वी ही माणसं एकमेकांची तोंडं बघत नव्हती. आज एका पातेल्यात चमचे. कोणामुळे? दाखल्यात हे यायला हवं.

आमंत्रण आलं होतं. फेली आणि मारिविकला. मी विचारलं, माझं नाव राहून गेलं का? फेली म्हणाली, नाही, राहून नाही गेलं. आम्ब्रोसियो म्हणाला, तुम्ही दोघी या.

येताना तिने रस्सा आणला. खारट होता. तीन वाट्या घेतल्या.

७ नोव्हेंबर

आईचा फोन. म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, माकारियोने लावून दिला. ती विचारते, डुक्कर केवढं सांगू? तू येणार असलास तर मोठं सांगते. मी म्हटलं, मोठंच सांग, आई. माझी इथे जरा चौकशी चालू आहे. ती म्हणाली, काय केलंस? काही नाही केलं, म्हटलं. मग चौकशी कसली, म्हणाली.

लाइन खराब होती. ठेवला.

नवी बॅग घेतली पाहिजे. जुनीचं एक चाक फिरत नाही. बॅगांचा सेल नाताळनंतर असतो.

१४ नोव्हेंबर

अनपेक्षित. कार्ड आलं.

साध्या पाकिटात, किराणा दुकानाच्या जाहिरातींच्या मध्ये. दहा वर्षांची मुदत. फोटोत मी डोळे मिटलेल्या माणसासारखा उघडे डोळे ठेवून बसलोय. मारिविकने टाळ्या वाजवल्या. फेली म्हणाली, झालं? आता निघू या?

कोणी समजूनच घेत नाही. अजून कोणालाही काहीही विचारलेलं नाही! आम्ब्रोसियोला विचारलं, कोणी आलं होतं? नाही म्हणाला. मग कार्ड कसं आलं? सरळ आहे. ही त्यांची पद्धत. आधी कार्ड देतात, माणूस गाफील होतो, बॅग भरतो, मग खरी चौकशी. कार्ड मिळाल्यावर कसा वागतो तेच बघायचं असतं.

मारिविक म्हणाली, पप्पा, कार्ड म्हणजेच चौकशी संपली. जगात यापुढे काही नाही. मी म्हटलं, तू दात बघ.

१८ नोव्हेंबर, दुपारी १.२५

आली! आली! करडा कोट, बगलेत फाइल, गळ्यात बिल्ला. पांढरी गाडी. आधी मिसेस व्हिटलॉक यांच्या दारात. मी म्हटलं होतं! फेली कामावर, मारिविक कामावर. साक्षीला कोणी नाही. या घरात खरं ठरायच्या वेळी मी नेहमी एकटाच असतो.

१.५०

अजून आतच. पंचवीस मिनिटं. मिसेस व्हिटलॉक माझ्याबद्दल एवढं काय सांगतायत? लाल पेन दाखवतायत का?

२.१०

आता एउसेबियोकडे. गॅरेजच्या दारातच उभे. तो हात पुसत बोलतोय. मान डोलावतोय. एकदा हसला. एकदा आमच्या घराकडे बोट केलं!

टाय बांधला. सोडला. पुन्हा बांधला. काल रात्रीच्या शेवया गरम करायला ठेवल्या. लाच वाटू नये म्हणून थोड्याच.

२.४०

घंटा वाजतेय.

४.००, शांतपणे लिहितो

बाई सज्जन. बिल्ला दाखवला, बसल्या. शेवया नको म्हणाल्या, नियम आहे. बरोबरच आहे, मी म्हटलं, मी पण नियमाचा माणूस.

पहिला प्रश्न: या पत्त्यावर किती वर्षं? सतरा. दुसरा: शेजारच्या लुर्देस पागादुआनला किती ओळखता?

काय पद्धत आहे! सरळ माझ्याबद्दल न विचारता शेजाऱ्याच्या पोरीवरून सुरुवात. माणूस दुसऱ्याबद्दल बोलताना स्वतः उघडा पडतो. मी पण कच्चा नाही. विचारलं, प्रामाणिक आहे का? म्हटलं, आहे, समोर चांगलं उदाहरण असलं की मुलं शिकतात. विचारलं, दारू वगैरे? म्हटलं, फक्त नाताळात, तेही दोन ग्लास, आणि त्या वेळेला जे गाणं म्हटलं गेलं त्याबद्दल सगळ्यांनी माफ केलेलं आहे. बाईंनी वर बघितलं. म्हणाल्या, ती? मी म्हटलं, मी.

विचारलं, परदेशात कोणाशी संबंध? तिथे माझा बांध फुटला. म्हटलं, आई आहे, नव्वदीची, सात वर्षं भेटलो नाही. म्हणजे संबंध आहेत आणि नाहीतही, तुम्ही कसं लिहाल तसं. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मी लुर्देसबद्दल विचारतेय, सर.

मी म्हटलं, मला समजलंय. आणि मग सगळं सांगून टाकलं. शेवगा, पोलीस, मेंदी, लाँड्रीतलं झेरॉक्सचं मशीन, वर जादा म्हणून उंचीचे तीन इंच. बाईंनी शेवटी एकच ओळ लिहिली. उठताना म्हणाल्या, काळजी घ्या.

पास. शंकाच नाही.

१९ नोव्हेंबर

संध्याकाळी आम्ब्रोसियो कुंपणाशी आला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा आपणहून. म्हणाला, काल ती बाई आली होती ना, लुर्देसच्या नोकरीसाठी. हवाई तळावर घ्यायचं म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करतात. तुझ्याकडे पण आली होती म्हणे.

मी म्हटलं, माझ्यासाठी आली होती.

तो म्हणाला, क्रिस, जाताना तिने मला विचारलं, तुमच्या शेजाऱ्याकडे लक्ष ठेवायला घरात कोणी असतं का?

मग म्हणाला, पोरीचं काम झालं तर चांगलं, नाही झालं तर तुझ्यामुळे नाही झालं असं मी म्हणणार नाही. पण मनात म्हणेन.

थंडी वाजायला लागली. आत आलो.

२२ नोव्हेंबर

म्हणजे चौकशी नव्हतीच. किंवा असेल तर कॉम्प्युटरने केली. कॉम्प्युटर आम्ब्रोसियोला ओळखत नाही, एउसेबियोला ओळखत नाही. त्याने माझ्या घासलेल्या बोटांकडे बघितलं, यादीत नाव नाही म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली.

यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. वाटतोय.

लुर्देसची नोकरी पक्की झाली. गल्लीभर केक वाटला. आमच्याकडे फेलीच्या हातात दिला.

२५ नोव्हेंबर

मारिविकने जेवताना फोन पुढे केला. तीन डिसेंबरच्या विमानात तीन जागा. आत्ता हो म्हणा, म्हणाली.

मी म्हटलं, घाई नको. गुडघा दुखतोय, सोळा तास बसून काय होईल सांगता येत नाही. लाँड्रीत नाताळच्या तोंडावर रजा मागणं बरं दिसत नाही, प्रमुखाने तरी. नवा कोट शिवलेला नाही आणि जुन्याचं बटण पोटावर लागत नाही. आईच्या फोटोत थोरला असा दिसायला नको. शिवाय सात वर्षांनी जायचं तर प्रत्येकाला काहीतरी न्यायला हवं. प्रत्येकजण म्हणजे किती, हेही आता नक्की माहीत नाही. माकारियोला दोन मुलं की तीन?

फेली ऐकत होती. भात वाढत म्हणाली, चार.

मग म्हणाली, तुला इथल्या चौकशीची भीती कधी नव्हतीच, पुलोंग.

याचा अर्थ काय, ते विचारलं नाही. भात गार होत होता.

२७ नोव्हेंबर

दोन जागा घेतल्या. फेली आणि मारिविक. मला विचारलं नाही असं नाही, विचारलं. मी म्हटलं, घर कोणीतरी सांभाळायला हवं. फेली म्हणाली, घर सतरा वर्षं इथेच आहे, कुठे जात नाही.

३ डिसेंबर

गेल्या. त्यांना विमानतळावर मी सोडणार होतो, पण गाडीची बॅटरी बसली. एउसेबियो आला, बोलला नाही, बॅगा त्याच्या ट्रकमध्ये चढवल्या आणि घेऊन गेला. जुनी बॅगही गेली. न फिरणाऱ्या चाकाने रस्त्याच्या टोकापर्यंत आवाज केला असता; ट्रकमध्ये होती, म्हणून नाही केला.

नवं कार्ड पाकिटात घालून बघितलं. बरोबर बसतं. जाऊन यायला काही हरकत नाही, कायद्याने.

संध्याकाळी शेवया केल्या. चिकट झाल्या.

७ डिसेंबर, संध्याकाळी ८ (तिथे आठ तारीख, दुपार)

कोटाचं बटण न लावता बसलो, फोनमध्ये पोट दिसत नाही. फेलीने तिकडून व्हिडिओ कॉल लावला. खूप माणसं. ओळखीचे थोडे, बाकीचे त्यांची मुलं असणार. तिबुर्सियो मागून हात हलवत होता. डुक्कर मोठंच सांगितलं होतं. सुरी माकारियोने लावून झाली होती, थांबणार किती?

मग आई. तिने फोन एवढा जवळ धरला की एक डोळा आणि अर्धी भुवई. म्हणाली, कोण? म्हटलं, मी, क्रिस्पुलो. तिने विचारलं, संपली का तुझी चौकशी? म्हटलं, संपली, आई. सगळं स्वच्छ निघालं. एकसष्ट वर्षांत एक डाग नाही.

डोळा आणखी जवळ आला. मग म्हणाली, मला कोणी विचारलं नाही ते.

मी हसलो. म्हटलं, विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?

म्हणाली, ये, मग सांगते.

तेवढ्यात गाणं सुरू झालं. कोणीतरी तिला म्हणालं, चला आजी, नाचायला. तिने फोन टेबलावर ठेवला, बंद करायचा असतो हे तिला माहीत नाही. उताणा. मला माणसं दिसेनात, फक्त आवाज. पावलं, टाळ्या, फेलीचं हसणं. हाक मारली एकदा. गाण्यात कोणाला ऐकू जाणार?

मीही बंद केला नाही. बावीस मिनिटं तिथलं छत बघत बसलो. वर पंखा फिरत होता. पत्रे नवे घातलेत. कधी घातले, कोणाला विचारायचं?